जुने मॉडेल घ्यावे की नव्यासाठी थांबावे?



खडकी बाजारात किंवा बोपोडीच्या चौकात चार ओळखीची माणसे भेटली की हल्ली गाडीचा विषय निघतोच. कुणाचा मुलगा चाकणच्या कंपनीत कायम झालेला असतो. कुणी कारखान्यातून निवृत्त होऊन फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आलेले असतात. कुणाची मुलगी बँकेत लागलेली असते. घरात पहिल्यांदाच चारचाकी यायची असते. पैशाची जुळवाजुळव होते, गाडी ठरते, आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतो, "अहो थांबा, त्या गाडीचे नवे मॉडेल येतेय!" झाले. शोरूममधला विक्रेता सांगतो, आत्ताच घ्या, जुन्या स्टॉकवर सूट आहे, पुन्हा मिळायची नाही. घरातला मेहुणा सांगतो, महिन्याभरात जुनी दिसणारी गाडी कशाला घेता? दोघांचेही बोलणे पटते आणि घरातल्या माणसांची झोप उडते.

हा प्रश्न श्रीमंताच्या घरी फारसा छळत नाही. चुकले तर तो दोन वर्षांनी गाडी बदलतो. आपल्याकडे गाडी एकदा आली की ती दहा-पंधरा वर्षे राहायची असते. म्हणून या वेळी आम्ही याच प्रश्नाचा नीट हिशेब मांडायचे ठरवले आहे.

थांबण्याची सवय आपल्या भागाला नवी नाही. खडकीहून आकुर्डी काही दूर नाही. तिथल्या बजाजच्या कारखान्यातून १९७२ साली चेतक स्कूटर बाहेर पडू लागली. ते परवान्यांचे दिवस होते. कारखान्याने वर्षाला किती स्कूटर काढायच्या हेही सरकार ठरवत असे. मागणी अफाट आणि माल थोडा, त्यामुळे नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. नंबर लागला की तो नंबरच जादा पैसे घेऊन दुसऱ्याला देणारेही होते. तेव्हा नवे मॉडेल कधी येणार असे कोणी विचारत नव्हते. आपली स्कूटर कधी येणार, एवढेच विचारले जाई. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि चित्र उलटे झाले. आता माल ग्राहकाची वाट पाहतो. पुढे २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटर बनवणे सोडत असल्याचे जाहीर केले. आणि २०२० साली तेच चेतक नाव घेऊन विजेवर चालणारी स्कूटर पुणे आणि बंगळूर या शहरांत विक्रीला आली. वाहनाचे नाव, रूप आणि यंत्र बदलतच राहते, हे आपल्या शेजारच्या कारखान्यानेच दाखवून दिले आहे. त्यामुळे शेवटचे, कायमचे मॉडेल येईल आणि मग आपण घेऊ, असे म्हणणाऱ्याने कधीच गाडी घेऊ नये.

दुसरे उदाहरण मारुती ८०० चे. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली. २००० साली त्याच कंपनीची आल्टो आली, तरी ८०० काही लगेच बंद झाली नाही. दोन्ही गाड्या कित्येक वर्षे शेजारी-शेजारी विकल्या गेल्या. मग १ एप्रिल २०१० पासून मोठ्या तेरा शहरांत धुराचे कडक नियम लागू झाले. ८०० त्या नियमांत बसवायची नाही असे कंपनीने ठरवले. त्या तेरा शहरांत आपले पुणे होते आणि सोलापूरही होते. म्हणजे पुण्यात नवी ८०० मिळायची बंद झाली ती २०१० साली, आणि गाडीचे उत्पादन थांबले २०१४ च्या जानेवारीत. ज्यांनी शेवटच्या काळात ८०० घेतली ते काही रस्त्यावर आले नाहीत. गाडी लाखोंच्या संख्येने रस्त्यावर असली की तिचे सुटे भाग मिळतात आणि गल्लीतल्या मेकॅनिकचा हात तिच्यावर बसलेला असतो. थोडी विकली गेलेली गाडी बंद पडली, किंवा कंपनीनेच देशातून गाशा गुंडाळला, तर मात्र एका आरशासाठी महिनाभर फिरावे लागते. तेव्हा मॉडेल बंद होणार म्हटल्यावर घाबरून जाऊ नये. ती गाडी रस्त्यावर किती दिसते, एवढे आधी पाहावे.

आता थांबण्याविषयी. थांबण्याचे दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, तारीख पक्की ठाऊक असताना थांबणे. दुसरा, कुणीतरी सांगितले म्हणून थांबणे.

पहिल्या प्रकाराचे अगदी ताजे उदाहरण २०२५ सालचे. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी करणार असल्याचे जाहीर केले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के कर आणि वर १ टक्का उपकर होता. तो एकदम १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीही २८ वरून १८ वर आल्या. हिशेब करून पाहू. कर धरण्याआधी गाडीची किंमत ५ लाख रुपये असेल, तर जुन्या दराने ती ६ लाख ४५ हजारांना पडत होती. नव्या दराने ५ लाख ९० हजारांना. फरक ५५ हजारांचा! ३ सप्टेंबरनंतर ज्याला घाई नव्हती, त्याने तीन आठवडे थांबणे हे शहाणपणच होते. तारीख ठाऊक होती, फायदा ठाऊक होता, आणि थांबायचे दिवस मोजून एकोणीस होते.

उलट उदाहरण २०१७ सालचे. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद. कंपन्यांकडे जुना माल पडून होता. ३० आणि ३१ मार्चला दुचाकींवर हजारो रुपयांची सूट जाहीर झाली आणि शोरूमवर जत्रा लोटली. ज्याला स्कूटर हवीच होती त्याला ती स्वस्तात मिळाली. पण सूट ऐकूनच जो धावला, त्याला ना रंग निवडता आला ना गाडी नीट तपासता आली. तीन वर्षांनी बीएस-४ वरून बीएस-६ चा बदल १ एप्रिल २०२० पासून व्हायचा होता. २०१७ ची सूट आठवून काही लोक शेवटच्या आठवड्याची वाट पाहत बसले. पण २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि शोरूमची शटर खाली आली. शेवटच्या दिवसाच्या सुटीवर भिस्त ठेवली की असेही होऊ शकते.

हा प्रश्न आमच्याही घरी आला होता. आमचे थोरले बंधू २०२४ च्या मार्चमध्ये निवृत्त झाले. वहिनींच्या गुडघ्यांनी दोन वर्षे त्यांना छळले आहे. दवाखान्यात न्यायचे म्हणजे रिक्षा मिळेपर्यंत त्यांना रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागे. घरात दोन लहान नातवंडे. दादांनी स्विफ्ट घ्यायचे ठरवले. शोरूममध्ये जुन्या मॉडेलच्या गाड्या शिल्लक होत्या आणि त्यांवर चाळीस हजारांच्या आसपास सूट सांगत होते. नवे मॉडेल येणार हे तोवर सर्वांना कळले होते. १ मेपासून नोंदणी सुरू झाली आणि ९ मे २०२४ ला गाडी आली.

आम्ही सगळे एका रविवारी बसलो. पुतणीने वही घेतली. आधी तिने विक्रेत्याला फोन करून विचारले, की सुटीतली गाडी बनली कधी? उत्तर आले, मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. दादा म्हणाले, "म्हणजे ही सूट आपल्यावर माया म्हणून नाही." खरेच आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल छापले जाते. उद्या गाडी विकायला गेलात तर घेणारा ते साल पाहूनच किंमत करतो. चाळीस हजारांतला काही भाग असा आधीच कापला गेला होता.

मग नव्या-जुन्यात फरक काय, ते पाहिले. जुन्या गाडीला चार सिलिंडरचे इंजिन होते, नव्याला तीन सिलिंडरचे. ताकद नव्याची थोडी कमी, सुमारे ९० च्या जागी ८२ पीएस. कंपनीने सांगितलेले मायलेज मात्र हाताने गिअर टाकायच्या गाडीत २२.३८ वरून २४.८० किलोमीटरवर गेले. वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी फिरली तर सुमारे ४४ लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०४ रुपये धरले तर साडेचार हजार रुपये. म्हणजे मायलेजसाठी थांबावे इतका काही तो फरक नाही. आमचा निर्णय फिरला तो दुसऱ्याच गोष्टीने. नव्या गाडीत अगदी स्वस्तातल्या प्रकारालाही सहा एअरबॅग होत्या. जुन्याला स्वस्त प्रकारात दोनच. २०२२ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने जुन्या स्विफ्टची धडक-चाचणी घेतली होती, तेव्हा तिला पाचपैकी एकच तारा मिळाला होता. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे एवढे दिवस दुखले, अजून महिनाभर दुखतील. पोरं मागे बसणार आहेत."

त्या वाक्यावर विषय संपला. आम्ही थांबलो. सर्वांत स्वस्त प्रकाराची शोरूम किंमत ६ लाख ४९ हजार होती. पेट्रोलच्या गाडीवर आपल्या राज्यात ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी ७१ हजार. वर विमा. सूट नाही. तरीही घेतली. पुढे सोळा महिन्यांनी जीएसटी उतरला तेव्हा कोणीतरी दादांना म्हणाले, की थांबला असता तर आणखी वाचले असते. दादांनी त्यांना विचारले, "सोळा महिने हिला दवाखान्यात तुम्ही नेले असते का?" जे कोणालाच ठाऊक नव्हते त्यासाठी थांबता येत नाही, आणि त्याची हळहळही करू नये.

यावरून प्रत्येकाने नव्यासाठीच थांबावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. आमच्या ओळखीतला एक तरुण भाड्याने टॅक्सी चालवतो. त्याला स्वतःची गाडी घ्यायची होती आणि घरचे म्हणत होते, दीड महिन्यात नवी येते, थांब. आम्ही त्याला म्हटले, स्वतःची गाडी झाल्यावर मालकाचे भाडे वाचून दिवसाला सातशे रुपये जादा सुटतात असे धर. पंचेचाळीस दिवसांचे साडेएकतीस हजार झाले. शिवाय जुन्या गाडीची सूट. धंद्याच्या गाडीला रूप नवे असून उपयोग नाही. ती रोज उभी राहता कामा नये आणि तिचे काम कुठल्याही गॅरेजात झाले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी डिझायर आली तेव्हाही कंपनीने जुन्या आकाराची गाडी टॅक्सीवाल्यांसाठी काही काळ चालू ठेवली, ती उगाच नाही. ज्याची चूल गाडीवर पेटते त्याच्यासाठी थांबण्याचा प्रत्येक दिवस खर्चाचा असतो. हेही सांगायला हवे, की त्याच नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. तेव्हा टॅक्सीवाल्यानेही दुसरी गाडी घेताना तिकडे डोळेझाक करू नये. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशातही भारत एनकॅप नावाने अशा चाचण्या सुरू झाल्या आहेत. घ्यायच्या गाडीची चाचणी झाली आहे का, एवढे मुलांना मोबाईलवर पाहायला सांगावे.

विम्याचीही एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर विमा कंपनी जी रक्कम देते तिला आयडीव्ही म्हणतात. ती कंपनीच्या चालू किमतीवरून घसारा कापून ठरते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, तीनच्या आत ३०, चारच्या आत ४० आणि पाचच्या आत ५०. पण जे मॉडेल बनायचेच बंद झाले, त्याची रक्कम विमा कंपनी आणि गाडीवाला यांनी आपसांत ठरवायची असते. म्हणजे जाणारे मॉडेल घेणाऱ्याने दरवर्षी विमा भरताना तो आकडा डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. हप्ता कमी दिसतो म्हणून रक्कम कमी लिहून घेतली, तर अडचणीच्या वेळी हात चोळत बसावे लागेल.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे, कर्ज. सूट ऐकून माणूस इतका खूश होतो की हप्त्याकडे त्याचे लक्षच राहत नाही. समजा, ५ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी काढले. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १० हजार ५०० रुपये येतो आणि एकूण व्याज जाते १ लाख ३० हजार. तेच कर्ज सात वर्षांचे केले तर हप्ता ८ हजार १७५ च्या आसपास येतो. हलका वाटतो. पण व्याज जाते १ लाख ८६ हजार! म्हणजे दोन वर्षे वाढवण्याचे ५६ हजार रुपये जादा. चाळीस हजारांची सूट मिळवली आणि छप्पन्न हजार बँकेला दिले, याला बचत कशी म्हणायची? आम्ही तर म्हणू, नवे मॉडेल येईपर्यंतचे महिने मिळाले तर त्यांचा उपयोग करून घ्यावा. जो हप्ता पुढे भरायचा आहे तो आजपासूनच दर महिन्याला बाजूला टाकून पाहावा. तीन महिने घर ओढाताण न होता चालले, तर हप्ता झेपेल. मुलांची फी, किराणा किंवा औषधे मागे पडू लागली तर जुने काय नि नवे काय, गाडीच पुढे ढकलावी. टाकलेले पैसे आपलेच आहेत, ते आगाऊ भरायला उपयोगी पडतील.

गाडी खरोखर किती लागणार, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. १ ऑगस्ट २०२३ पासून बोपोडीहून मेट्रोने शिवाजीनगरला जाता येते, दुसरीकडे पिंपरीला. रोजचा कामाचा माणूस मेट्रोने किंवा लोकलने जात असेल, तर गाडी दवाखाना, लग्नकार्य, देहूरोड, गावी जाणे एवढ्यासाठीच. मग ती लावायची कुठे? आपल्या गल्ल्या अरुंद, क्वार्टर्सपुढे जागा थोडी, आणि पावसाळ्यात मुळेचे पाणी चढले की काठावरच्या वस्तीत गाडी ठेवायची सोय नाही. नव्या मॉडेलसाठी थांबणाऱ्याने आधी जागा पक्की करावी.

मानाचा मुद्दा राहिला. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या बैलगाडीत शेजारी बसू दिले जात नव्हते, त्यांच्या दारात स्वतःची मोटार उभी राहते, तेव्हा सगळ्या वस्तीचा ऊर भरून येतो. तो आनंद खरा आहे आणि तो घ्यावा. पण वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. त्यांना गाडीचे दिवे जुन्या मॉडेलचे की नव्या मॉडेलचे हे कळतही नाही. त्यांना कळते ते एवढेच, की पोराने गाडी घेतली. आणि दोन वर्षांनी हप्ते थकून गाडी ओढून नेली, तर तेही त्यांना कळते.

एक सोय आपल्याकडे आहे. आपण मुहूर्त पाहत नाही. दसरा, पाडव्याच्या दिवशी शोरूममध्ये उभे राहायला जागा नसते, गाडी तपासायला कोणाला वेळ नसतो. आपण साध्या मंगळवारी जावे, शांतपणे गाडी उजेडात पाहावी, चालवून पाहावी. डिसेंबरात सूट मिळते हे खरे, पण जानेवारीत त्या गाडीच्या कागदावर मागचे साल असते, हे लक्षात ठेवून घासाघीस करावी.

तेव्हा वाचकहो, घरात हा प्रश्न आला की कोटेशन घेऊन घरी या. तिथेच सही करू नका, सूट संध्याकाळपर्यंतच आहे असे कोणी कितीही सांगितले तरी. घरातल्या शिकलेल्या मुलीच्या हाती वही द्या आणि पाच ओळी लिहायला सांगा. नव्याची तारीख कंपनीने जाहीर केली आहे की नुसतीच ऐकीव आहे? नव्यात जीव वाचवणारे काही वाढले आहे की नुसता रंग-आकार? सुटीतली गाडी कोणत्या महिन्यात बनली? थांबलो तर रोज काय बुडते, पैसे की दुखणे? आणि हप्ता पाच वर्षांत फिटतो का? पाचही उत्तरे मिळाली की घरातल्या सर्वांना, गाडीत मागे बसणाऱ्यांनाही, एकदा वाचून दाखवा. मग जुने घ्या नाही तर नवे घ्या.

जयभीम.